मुठीतली माती

अजूनही मी सहसा लोकांसमोर जेवत नाही. कुणाच्या घरी दावत असली तर आधी घरून जेवून जातो आणि तिथे नुसतं सरबत घेतो. उजवा हात गेल्यापासून मी डाव्या हातानं जेवतो, आणि ज्या घरात मी वाढलो तिथे डाव्या हाताचं काम वेगळं होतं. ते कोणतं, हे लिहायची गरज नाही.

आमच्या घरात दखनी बोलतात. उजव्या हाताला आम्ही 'सीधा हात' म्हणतो आणि डाव्याला 'उल्टा'. देगलूरच्या एका शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे दोन भाषांमधल्या अशा शब्दांची मला गंमत वाटायची. आता माझा सीधा हात कोपरात वाकून, बोटं मिटून छातीशी बसलेला असतो. "इसकू सीधा कायकू बोलना?" असं माझ्या मेव्हण्यानं, महमूदनं, एकदा विचारलं. तो हसला. मीही हसलो. माझ्या तोंडाची एकच बाजू हसली.

हे मी अशा लोकांसाठी लिहितो आहे ज्यांना कुणी सांगितलं असेल की हात हलत नसेल तर आधी मनात हलवा. मलाही सांगितलं होतं. उपाय खरा आहे. पण त्यात लपून बसायलाही जागा आहे, आणि मी तिथे बराच काळ लपून बसलो होतो.

खडू

आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडला. उचलला. पुन्हा पडला. पोरं हसली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, खडू गरम हाय का?"

त्याला रागवायला मी तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते शब्द नव्हते. पोरं आणखी हसली. त्यांना वाटलं, सर नक्कल करून राहिलेत. मग एक मुलगी उठून पळत मुख्याध्यापकांकडे गेली. ती का गेली हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की वर्ग हाताबाहेर चालला आहे आणि हे बरं दिसत नाही.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दोन्ही हात वर करा." मी केले. ते म्हणाले, "उजवापण करा." मी म्हणालो, केलाय की. माझी बायको नसीम पायाशी उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली पाहिलं. उजवा हात चादरीवर पडलेला होता, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. मनात तो वर होता. मला तो वर असल्याचं जाणवत होतं.

मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. बाकीचं डॉक्टरांनी नसीमला सांगितलं, बाहेर नेऊन. आयुष्यभर मी तिला वर्तमानपत्र समजावून सांगितलं होतं. आता ती आत आली आणि मला सोप्या शब्दांत सांगू लागली.

लुगड्याचा आडोसा

वॉर्डमध्ये सकाळ लवकर व्हायची. आधी झाडूचा आवाज, मग गोळ्यांची गाडी, मग चहावाला. त्यानंतर जे असायचं त्याची मी पहाटेपासून धास्ती घ्यायचो. भांडं, पाणी, पुसणं. खाटेभोवतीच्या पडद्याच्या कड्या तुटलेल्या होत्या, तो अर्ध्यावरच थांबायचा. मी डोळे मिटून घ्यायचो, जणू मला दिसलं नाही तर इतरांनाही दिसणार नाही.

शेजारच्या खाटेवर बिलोलीकडचा एक शेतकरी होता आणि त्याची बायको त्याच्याजवळ असायची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून आपलं धुतलेलं लुगडं काढलं, सलाईनच्या दांडीपासून खिडकीच्या गजापर्यंत बांधलं आणि नसीमला म्हणाली, "होऊ द्या माय निवांत. आमाला काय दिसून न्हाई राहिलं."

तिचं नाव मला कधी कळलं नाही. त्या लुगड्याचा हिरवा रंग आठवतो.

नसीम मला भरवायची. "मुँह खोलो, सर," म्हणायची. चेष्टेत ती मला सर म्हणे, लग्नापासून. "पूरी जिंदगी किताब पकडे. अब चमचा पकडना सीखो." मी डाव्या हातात चमचा घेतला की वरण दाढीवर सांडायचं. ती पुसायची आणि काही बोलायची नाही. तिचं ते न बोलणं मला टोचायचं. एकदा मी चमचा भिंतीवर फेकला. तिनं तो उचलला, धुतला, पुन्हा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "उल्टे हात का निशाना अच्छा है तुम्हारा."

तीन मुठी

घरी आल्यानंतर मला उठवणं, बसवणं, न्हाणीत नेणं, सगळं तिच्यावर होतं. ती अंगानं लहान होती. उन्हाळ्याच्या एका दुपारी ती मेथी निवडत बसली होती. छातीत जड वाटतंय म्हणाली आणि तिथेच आडवी झाली. मी शेजाऱ्यांना हाका मारल्या. माझी जीभ तेव्हा अजून जड होती. शेजाऱ्यांना वाटलं, सर नेहमीसारखं काहीतरी बोलत आहेत. ते यायला वेळ लागला.

मयतीच्या घरी लोक हळू आवाजात बोलतात, पण आजाऱ्याचे कान तीक्ष्ण झालेले असतात. "उठा उठा के थक गई बिचारी," असं एक बाई म्हणाली. तिच्या मनात वाईट नव्हतं. ती खरं तेच म्हणत होती.

मला खुर्चीत बसवून कब्रस्तानात नेलं. कबरीत उतरवून फळ्या लावल्या की जमलेला प्रत्येक माणूस तीन मुठी माती देतो. आमच्याकडे सीध्या हातानं देतात किंवा दोन्ही हातांनी. माझी पाळी आली. दोघांनी मला धरून वाकवलं आणि मी डावा हात मातीकडे नेला.

महमूद नसीमचा धाकटा भाऊ. त्यानं माझं मनगट हळूच धरलं. "उल्टे हात से नक्को, दुल्हेभाई. रहने दो. मैं देतूं तुम्हारी तरफ से." आणि त्यानं माझ्या नावानं तीन मुठी टाकल्या, भरभर, कारण मागे लोक उभे होते.

मी 'हौ' म्हणालो. मी त्याला अडवू शकलो असतो. डाव्या हातानं दिलेली माती काही परत आली नसती, हे कळायला मौलवींना विचारायची गरज नव्हती. पण इतक्या माणसांत माझा तो वाकडा हात सगळे बघत होते, आणि मला फक्त तिथून लवकर निघायचं होतं. पाळी चुकल्याचं वाईट वाटण्याऐवजी सुटका झाल्याचं बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून सोडत नाही.

दरवर्षी मी मुलांना 'मूठमाती देणे' हा वाक्प्रचार शिकवला. अर्थ: पुरणे, कायमचे सोडून देणे. वाक्यात उपयोग करा. मुलं लिहायची, 'वाईट सवयींना मूठमाती द्यावी.' मी पूर्ण गुण द्यायचो.

मनातला हात

मुलगी रुबीना मला लातूरला आपल्या घरी घेऊन आली. तिथे एका फिजिओथेरपिस्टकडे जाऊ लागलो. वैशाली मॅडम, मूळच्या हदगावच्या. वयानं रुबीनाएवढ्या.

त्यांनी सांगितलं ते असं. हात हलवायच्या आधी डोळे मिटून तोच हात हलवल्याची कल्पना करायची. कप धरायचा, उचलायचा, ठेवायचा. हलवणं आणि हलवल्याची कल्पना करणं, दोन्हींच्या वेळी मेंदूतल्या बऱ्याचशा त्याच जागा कामाला लागतात. "वाट बंद हाय समजा सर. आपण त्या वाटेवरून नुसतं मनानं जाऊन येऊन राहिलो, म्हणजे वाट बुजणार न्हाई. पण मनात झालं की लगेच खरा हातबी हलवून बघायचा. कितीबी कमी हलू द्या."

पहिला भाग मला फार आवडला. जन्मभर मी वाचत बसलेला माणूस. डोळे मिटून कल्पना करणं हेच माझं काम. मनात माझा हात सरळ होता. सीधा. तो पुस्तकाची पानं उलटायचा, खडू धरायचा, अक्षर वळणदार यायचं. आणि मग, कुणाला न सांगता, मी त्याला कब्रस्तानात न्यायचो. हात माती उचलायचा. एक मूठ, दोन, तीन. माती मऊ असायची, मागे रांग नसायची, महमूद नसायचा.

दुसरा भाग मी टाळू लागलो. खरा हात हलवायला गेलो की खांदा वर चढायचा, पायाची बोटं आकसायची, तोंडातून लाळ यायची आणि बोटं होती तिथेच. रुबीनाची सासू समोर बसलेली असायची. जावई इरफान मान वळवून टीव्हीकडे बघायचा, म्हणजे मला लाज वाटू नये म्हणून. तो मान वळवायचा त्याचीच मला जास्त लाज वाटायची.

रुबीना कामावरून आली की विचारायची, "अब्बा, व्यायाम किये?"

"हौ."

"हात से?"

"मन में. मॅडम बोले ना, मन में करो."

बरेच दिवस असं चाललं. एका संध्याकाळी ती खांद्यावरची पिशवी न उतरवता दारातच उभी राहिली. आवाज चढवला नाही. "मन में तो मैं रोज अम्मी कू फोन करतूं, अब्बा. उठाती क्या वो?"

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जोरात वाजली. तिची आई गेली होती आणि तिला धड रडायलाही मिळालं नव्हतं, कारण आईची सगळी कामं आता तिच्याकडे आली होती. मला आणणं, मला नेणं, मला धुणं. तोवर मी दुःख फक्त माझंच समजत होतो.

"झालं"

दुसऱ्या दिवशी मी वैशाली मॅडमना सांगितलं की मी खरा हात हलवतच नव्हतो. त्या रागावल्या नाहीत. टेबलावर एक चेंडू ठेवला, एक वाटी ठेवली.

"डोळे मिटा. चेंडू उचलून वाटीत टाका. मनातच. झालं की सांगा."

"झालं," मी म्हणालो.

"आता हेच डाव्या हातानं खरंच करा." मी केलं. हात नेला, बोटं चेंडूभोवती बसवली, उचलला, वाटीवर आणला, सोडला.

"बघा. चांगल्या हाताला एवढा टाइम लागला. आणि तुमचा दुखरा हात मनात बुलेट ट्रेन होऊन राहिला." त्या हसल्या. "काय दिसलं तुम्हाला, सांगा बरं."

मी सांगितलं. एक माणूस टेबलाशी बसला आहे, तो चेंडू उचलतो.

"कुठून दिसला?"

"समोरून."

"म्हणजे तुम्ही समोर बसलेले. हात दुसऱ्याचाच." त्यांनी चेंडू वाटीतून काढून पुन्हा टेबलावर ठेवला. "सर, तुम्ही हात हलवून न्हाई राहिले. तुम्ही वाचून राहिले. 'त्याने चेंडू उचलला.' पूर्णविराम."

खोली लहान होती. बाकावर आणखी दोन पेशंट बसले होते आणि त्यातला एक गालातल्या गालात हसला. माझे कान तापले. पण त्या म्हणाल्या ते बरोबर होतं. माझ्या मनातल्या हाताला वजन नव्हतं. चेंडू गार की गरम, रबरी की कापडी, हे मी सांगू शकलो नसतो. मनातल्या मातीत खडा नव्हता.

त्यांनी मग वेगळं करायला लावलं. आधी डाव्या हातानं खरं करायचं, सावकाश, कुठे ताण येतो ते बघत. मग डोळे मिटून तोच ताण उजव्या बाजूला न्यायचा, खांद्यापासून सुरू करून. चित्र बघायचं नाही. मग लगेच उजवा हात. हे मनातसुद्धा थकवणारं निघालं. मनातला हात आता जड झाला, अडखळू लागला, आणि मला तो पहिल्यांदा माझा वाटला.

"तुम्हाला खरंच काय करायचंय या हातानं?" एकदा त्यांनी विचारलं. "कप म्हणू नका. कपासाठी धडपडणारं तोंड न्हाई तुमचं."

मी सांगितलं. कब्रस्तान, तीन मुठी, महमूद.

त्यांनी माझं मनगट हातात घेऊन वाकवून पाहिलं. मग म्हणाल्या, "मग मातीच धरू. उचलायची, आणि टाकायचीबी. टाकणं अवघड जातं बरं का सर. आकडलेला हात मिटतो लवकर, उघडत न्हाई लवकर. अडलं तर मनगट खाली सोडायचं. बोटं आपोआप सैल पडतात."

मी 'उचलायची' तेवढंच ऐकलं.

रुबीनानं परातीत ज्वारी ओतून दिली. रोज सकाळी मी परातीसमोर बसायचो, इरफान टीव्ही लावायच्या आत. हळूहळू बोटं दाण्यांत शिरू लागली. एक दिवस मिटली. मी मूठ वर उचलली आणि रुबीनाला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनी आली, पाहिलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. मुठीतले दाणे मी डाव्या हातानं बोटं उकलून काढले. त्याकडे आम्हा दोघांपैकी कुणाचं लक्ष गेलं नाही.

कबर बसली

पावसाळा संपता संपता महमूदचा फोन आला. "दुल्हेभाई, आपा की कबर बैठ गई. मिट्टी डालना है. तुम नक्को आओ, दूर पडता. मैं डालतूं."

"मैं आतूं," मी म्हणालो.

इरफाननं गाडी काढली. लातूरहून उदगीरमार्गे देगलूरपर्यंत मी डोळे मिटून बसलो होतो. त्याला वाटलं मी झोपलो आहे. मी खांद्यापासून सुरू करत होतो. हात खाली, बोटं मातीत, मूठ बंद, मूठ वर.

कब्रस्तानात गवत वाढलं होतं. नसीमची कबर मधोमध खचली होती. महमूदनं बाजूला काळ्या मातीचा ढीग टाकून ठेवला होता, हातात फावडं होतं. आम्ही चौघंच होतो: तो, इरफान, कब्रस्तानचा राखणदार आणि मी. त्या दिवशी मला बघायला गर्दी नव्हती, तरी मी आधी आजूबाजूला पाहिलं.

मी ढिगाजवळ बसलो. माती ओली होती, चिकट, गार. बोटं आत जाईनात. मनातल्या आणि परातीतल्या दोन्ही सरावांत माती अशी नव्हती. एक खडा करंगळीखाली आला आणि दुखलं. त्या करंगळीत दुखतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मग मूठ मिटली. मी ती कबरीवर नेली.

आणि ती उघडेना.

मी जोर लावला तशी ती आणखी घट्ट झाली. माती बोटांच्या फटींतून वळ्यांसारखी बाहेर आली आणि तिथेच चिकटून राहिली. इतके महिने मी मनात माती उचलली होती, आणि मनात ती आपोआप पडत होती. मूठ उघडायचा भाग मी कधी केलाच नव्हता. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला. तोंडाच्या वाकड्या कडेतून लाळ आली. इरफाननं मान वळवली.

महमूद खाली बसला. त्यानं माझं मनगट धरलं, त्याच जागी. "लाओ, मैं खोलतूं."

"नक्को," मी म्हणालो.

त्याचा हात तिथेच थांबला. माझ्या तोंडून त्याला हा शब्द बहुधा पहिल्यांदाच ऐकायला मिळाला असावा. त्यानं हात काढून घेतला.

मनगट खाली सोडायचं. मी डोळे मिटले आणि आधी मनात सोडलं. घाई केली नाही. खांदा, कोपर, मनगट. मग खरं. मनगट लोंबू दिलं. बराच वेळ काही झालं नाही. मग अंगठा हलला, त्याच्यामागून तर्जनी, आणि मातीचा गोळा पडला. अर्धा कबरीवर, अर्धा माझ्या गुडघ्यावर. थोडी माती तळहाताला चिकटून राहिली.

महमूदनं नाक ओढलं. "एक हो गई," तो म्हणाला. "और दो हैं. आराम से करो. पीछे कोई नही खडा."

दुसरी मूठ यायला आणखी वेळ लागला. तिसरीसाठी बोटं मिटलीच नाहीत, हात थकला होता. महमूदनं विचारलं, "मैं देऊं?" मी म्हणालो, राहू दे. ती अजून राहिली आहे. त्यानं फावड्यानं बाकीची माती सारखी केली, आणि त्याच्या घरी जाऊन आम्ही जेवलो. महमूदनं सगळ्यांच्या मध्ये माझं ताट मांडलं. मी डाव्या हातानं जेवलो. मला लाज वाटलीच. उजव्या हाताच्या नखांत माती होती, ती मी धुतली नाही.

कबर पुन्हा बसेल, काळ्या मातीचा तो स्वभाव आहे. तोवर रोज सकाळी मी परातीपुढे बसून डोळे मिटतो आणि मूठ उघडायचा सराव करतो. आता ती मनातसुद्धा पटकन उघडत नाही. खऱ्या मुठीइतकाच वेळ घेते. वैशाली मॅडम म्हणाल्या, "हाव सर, आता बरोबर करून राहिले."